मुक्त सॉफ्टवेअर आणि परवानगीचे शब्द

आमच्या शाळेच्या वसतिगृहात शिध्याच्या नोंदींसाठी एक छोटी संगणक-प्रणाली वापरली जाते, हे माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना ठाऊक असेल. कोठीतून रोज किती तांदूळ, डाळ व तेल निघाले, पंगतीला किती मुले बसली, महिनाअखेर कोठीत किती शिल्लक असावयास हवी आणि प्रत्यक्षात किती आहे, एवढाच तिचा व्याप. ती २०१३ साली आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने उन्हाळी सुट्टीत, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना तयार केली. पुढे तो नोकरीसाठी पुण्यास गेला, आणि २०२१ च्या एप्रिल महिन्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो कालकथित झाला. त्याचे नाव आम्ही येथे देत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते ठाऊक आहे.

त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी माजी विद्यार्थ्यांच्या एका गटाने ही प्रणाली सुधारून परिसरातील इतर वसतिगृहांना द्यावी, असे ठरविले. मुक्त सॉफ्टवेअरचा संग्रह सांभाळणाऱ्या एका स्वयंसेवी गटाकडे त्यांनी ती पाठविली. तिकडून उत्तर आले ते एका प्रश्नाचे : हिचा परवाना कोणता? फाइली उघडून पाहिल्या. मुख्य फाइलीच्या माथ्यावर त्याने एकच ओळ लिहिली होती : ही प्रणाली मुक्त आहे, कोणीही वापरावी. दुसऱ्या एका फाइलीत नुसते 'जी.पी.एल. २' एवढेच. तिसरी फाइल जुन्या टंकातील मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलण्याची होती. ती त्याने कोठून तरी घेतलेली दिसत होती, आणि तिच्यावर कोणाचेच नाव नव्हते. तीन फाइली, तीन तऱ्हा. ज्याला विचारावे तो तर राहिला नव्हता.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. संगणकाचा आमचा अभ्यास नाही. परंतु कर्ता हयात नाही, त्याची एक ओळ उरली आहे आणि तिच्यावरून त्याचा हेतू ठरवायचा आहे, हे काम मात्र आमच्या विषयाचेच आहे. म्हणून त्या मुलांच्या बरोबरीने आम्हीही या प्रश्नात शिरलो. त्या शोधात जे हाती लागले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत. आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली आज याच व्यवसायात आहेत, काही स्वतः प्रणाली लिहून लोकांना देतात. त्यांनी तरी ही अडचण पुढच्यांसाठी ठेवू नये, एवढाच हेतू.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक-प्रणालीचा समावेश 'साहित्यकृती' या संज्ञेत केला आहे. कविता, कथा, शब्दकोश आणि संगणक-प्रणाली कायद्याच्या दृष्टीने एका पंगतीत बसतात. स्वामित्वहक्क मिळविण्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, नाव घालावे लागत नाही. कृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो. बर्न करारातून चालत आलेले हे तत्त्व जगातील बहुतेक देशांनी स्वीकारले आहे. येथेच सर्वसामान्य समजूत उलटी आहे. 'नाव नाही, सूचना नाही, म्हणजे सर्वांचे' असे लोक मानतात. कायदा म्हणतो : सूचना नाही, म्हणजे परवानगीच नाही. कर्त्याचे मौन ही संमती ठरत नाही.

हा हक्क टिकतो किती काळ? आपल्याकडे कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरील स्वामित्वहक्क ३१ डिसेंबर २०१६ रोजी संपला तो याच हिशेबाने. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ मात्र मूळ इंग्रजीत महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. म्हणून त्याची साठ वर्षे प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून मोजावी लागतात. आता हाच हिशेब आमच्या विद्यार्थ्याच्या शिधा-प्रणालीला लावून पाहावा. तिच्यावरील हक्क २०८१ च्या अखेरीस संपेल. तोपर्यंत ज्या संगणकांवर ती चालते ते संगणक तर सोडाच, ती ज्या भाषेत लिहिली ती संगणकभाषा तरी कोणाला येत असेल की नाही, हा प्रश्नच आहे.

'मुक्त' या शब्दाकडे वळू. सप्टेंबर १९८३ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' नावाची संपूर्ण मुक्त संगणक-व्यवस्था उभारण्याची घोषणा केली, आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. इंग्रजीतील 'फ्री' या शब्दाला फुकट आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ असल्याने त्यांना आयुष्यभर खुलासे करीत राहावे लागले. मराठीत ही अडचण नाही. आपल्याकडे 'मोफत' निराळे आणि 'मुक्त' निराळे. मुक्त विद्यापीठात शुल्क भरावे लागते म्हणून कोणी तक्रार करीत नाही. स्टॉलमन यांच्या मते मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे चार मोकळिकी : हवी तशी चालविण्याची, आतील मजकूर वाचून ती बदलण्याची, जशीच्या तशी प्रत दुसऱ्याला देण्याची, आणि आपण बदललेली प्रतही देण्याची. आमच्या विद्यार्थ्याने 'कोणीही वापरावी' असे लिहिले तेव्हा या चारांपैकी पहिली गोष्ट त्याने निश्चित दिली. उरलेल्या तीन दिल्या की नाही? त्याचा स्वभाव ज्यांना ठाऊक होता ते छातीठोकपणे सांगतील की दिल्या. पण परवाना हा स्वभाव न ओळखणाऱ्यासाठीच लिहिलेला असतो.

या चार मोकळिकी कायद्याच्या भाषेत बांधून देण्यासाठी ग्नू जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजेच जी.पी.एल., हा परवाना तयार झाला. त्याची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९८९ मध्ये, दुसरी जून १९९१ मध्ये आणि तिसरी २९ जून २००७ रोजी प्रसिद्ध झाली. तिन्ही आवृत्त्या आजही अस्तित्वात आहेत. नवी निघाली म्हणून जुनी रद्द होत नाही. 'जी.पी.एल. २' या दोन शब्दांचा पेच येथून सुरू होतो. कर्त्याला 'फक्त दुसरी आवृत्ती' म्हणायचे आहे, की 'दुसरी किंवा तिच्यानंतरची कोणतीही'? दोन्ही अर्थ निघतात, आणि दोन्ही पद्धतींनी प्रणाली देणारे लोक आहेत. लिनक्स या प्रसिद्ध व्यवस्थेचा गाभा 'फक्त दुसऱ्या' आवृत्तीखाली आहे. लिनस टोर्वाल्ड्स यांनी २००० साली तसा खुलासा परवान्याच्या फाइलीच्या माथ्यावरच लिहून टाकला. ग्नू प्रकल्पातील प्रणाली मात्र रिवाजाने 'किंवा त्यानंतरची कोणतीही' असे सांगतात.

कोणी म्हणेल, आवृत्तीच्या आकड्याने एवढे काय बिघडते? बिघडते ते दोन प्रणाली एकत्र जोडताना. फक्त दुसऱ्या आवृत्तीखाली दिलेला मजकूर आणि तिसऱ्या आवृत्तीखाली दिलेला मजकूर एका प्रणालीत मिसळून ती वाटता येत नाही. प्रत्येक परवाना संपूर्ण मिश्रणावर आपल्याच अटी लागू असाव्यात असे म्हणतो, आणि दोघांच्या अटी तंतोतंत एक नाहीत. 'किंवा त्यानंतरची' हे शब्द असले की घेणारा तिसरी आवृत्ती निवडतो आणि गाठ सुटते. यात एक गंमत आमच्या ध्यानात आली. परवान्याच्या मजकुरातच अशी तरतूद आहे की, कर्त्याने आवृत्तीचा आकडाच सांगितला नसेल तर घेणाऱ्याने प्रसिद्ध झालेल्यांपैकी कोणतीही आवृत्ती निवडावी. म्हणजे नुसते 'जी.पी.एल.' लिहिणारा अजाणता स्पष्ट बोलतो, आणि 'जी.पी.एल. २' लिहिणारा अधिक नेमके बोलण्याच्या प्रयत्नात संदिग्ध होतो! अर्धवट नेमकेपणा हा कधीकधी अज्ञानापेक्षा महाग पडतो.

हा घोळ थोरामोठ्यांच्या घरीही होता. परवान्यांना छोटी, यंत्राला वाचता येतील अशी प्रमाण नावे देणारी एस.पी.डी.एक्स. नावाची एक यादी आहे. तिच्यात पूर्वी दुसऱ्या आवृत्तीसाठी नुसता आकड्याचा संकेत होता. २०१७ च्या अखेरीस त्या यादीने तो मोडीत काढून 'फक्त' आणि 'किंवा नंतरची' असे दोन स्वतंत्र, उघड संकेत आणले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लिनक्सच्या गाभ्याची साफसफाई झाली, तेव्हा हजारो फाइलींवर परवान्याची कोणतीच सूचना नसल्याचे आढळले, आणि त्या प्रत्येकीवर एका ओळीचा संकेत घालण्यात आला. जगभरच्या तज्ज्ञांनी सव्वीस वर्षे सांभाळलेल्या कामाची ही अवस्था, तर तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला बोल कसा लावावा?

आकड्याचे असे, तर 'आणि' या साध्या अव्ययाचे काय सांगावे! अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाने 'पाइन' नावाची ई-मेल वाचण्याची प्रणाली तयार केली होती, आणि ती एकेकाळी जगभरच्या विद्यापीठांत वापरली जाई. तिच्या आरंभीच्या परवान्यात वापरण्याची, प्रत काढण्याची, बदलण्याची 'आणि' वाटण्याची परवानगी दिली होती. वाचणाऱ्यांनी सरळ अर्थ घेतला की बदलून वाटता येईल. पुढे विद्यापीठाने भूमिका घेतली : बदलण्याची परवानगी आहे, वाटण्याचीही आहे, पण बदललेली प्रत वाटण्याची परवानगी आम्ही दिलेली नाही. व्याकरणाने पाहता हा अर्थ अशक्य नाही, आणि म्हणूनच तो घातक. परिणाम असा की डेबियनसारख्या मुक्त संग्रहांना सुधारलेली तयार प्रणाली देता येईना; मूळ मजकूर आणि दुरुस्त्या वेगवेगळ्या घेऊन वापरणाऱ्याने आपल्या घरी त्या जुळवाव्यात, अशी पाळी आली. अखेर विद्यापीठानेच 'अल्पाइन' हे नवे रूप २००७ मध्ये सुस्पष्ट अशा अपाची परवान्याखाली दिले. हा अनुभव पाहून इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम या संस्थेने त्याच वर्षी आपल्या परवान्यातील 'आणि'च्या जागी 'आणि/किंवा' असे केले. ओपन-बी.एस.डी.च्या मंडळींना मात्र ही भीती अनाठायी वाटली आणि त्यांनी जुनाच 'आणि' ठेवला. आम्हांस विचाराल तर, ज्या शब्दावरून एकदा वाद झाला तो शब्द बदलण्यात कमीपणा नाही.

शब्दाने अडचण केल्याचे हे उदाहरण. शब्दाने वाचविल्याचेही एक आहे. बर्कले येथील भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट जेकबसन यांनी खेळण्यातील आगगाड्या संगणकाने चालविण्याची एक मुक्त प्रणाली सहकाऱ्यांसह उभी केली. कॅट्झर नामक गृहस्थाच्या कंपनीने तिच्यातील काही फाइली लेखकांची नावे आणि स्वामित्वहक्काच्या सूचना वगळून आपल्या विक्रीच्या मालात घातल्या. खालच्या न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले की, परवाना इतका मोकळा आहे की त्याचा भंग हा फार तर कराराचा भंग होईल, स्वामित्वहक्काचा नव्हे. १३ ऑगस्ट २००८ रोजी अपील न्यायालयाने हा निर्णय फिरविला. कारणांमध्ये एक कारण परवान्यातील शब्दांचे होते. परवानगी 'अमुक केल्यास' अशा शर्तीवाचक शब्दांनी दिली होती. नाव व सूचना कायम ठेवणे ही परवानगीचीच पूर्वअट ठरली. अट मोडली की परवानगीच उरली नाही. पैसे न घेता काम देणाऱ्याच्याही अटींना कायद्याचे बळ असते, हे त्या निकालाने ठरले. तेथे 'कृपया नाव ठेवावे' असे लिहिलेले असते तर? विनंती मोडल्याबद्दल न्यायालय कोणालाही बांधत नाही. आपल्याकडे सौजन्याने लिहिण्याची सवय आहे, आणि ती चांगलीच आहे. परंतु परवान्यात सौजन्य एका बाजूस आणि अट एका बाजूस, अशी फारकत हवी.

सद्हेतूनेही संदिग्धता कशी येते याचे उदाहरण आमच्या शाळेत तरी सांगितलेच पाहिजे. डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसन या माहिती-देवाणघेवाणीच्या पद्धतीसाठी लिहिलेल्या प्रणालीच्या परवान्यात एक वाक्य अधिक घातले : ती चांगल्यासाठी वापरावी, वाईटासाठी नव्हे. कुशल-अकुशलाचा विचार ज्यांच्या रोजच्या पाठात आहे त्यांना हे वाक्य पाहून आनंदच होईल. पण चांगले कोणते आणि वाईट कोणते हे ठरवायचे कोणी? कर्त्याने, वापरणाऱ्याने, की न्यायाधीशाने? फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने आणि डेबियनने हा परवाना मुक्त नाही असे ठरविले, आणि त्याखालच्या फाइली काढून त्यांच्या जागी दुसऱ्या लिहाव्या लागल्या. एका बड्या कंपनीच्या वकिलांनी तर वाईटासाठी वापरण्याची विशेष परवानगी मागितली, आणि आपण ती देऊन टाकली, अशी गोष्ट क्रॉकफर्ड स्वतः व्याख्यानात हसत सांगत. नीती शिकविण्याची जागा पाठ आणि आचरण. परवान्यात ती घातली की नीती तर साधत नाहीच, परवाना मात्र बिघडतो, असे आमचे मत झाले आहे.

जुना बी.एस.डी. परवाना निराळ्या कारणाने त्रासदायक झाला. जाहिरातीत अमुक विद्यापीठाचा उल्लेख करावा अशी त्यात अट होती, आणि पुढे प्रत्येकाने त्या वाक्यात आपापले नाव घातले. १९९७ च्या एका संग्रहात असे पंचाहत्तर निरनिराळे उल्लेख स्टॉलमन यांना मोजता आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९९९ मध्ये ती अट मागे घेतली.

हे सारे वाचीत असताना आम्हांस राहून राहून नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांची आठवण होत होती. सहलीला आलेल्या विद्यार्थ्यांनी दहाव्या क्रमांकाचे लेणे पाहिले आहे. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा तेथील दानलेख म्हणजे नेमक्या शब्दांत लिहिलेल्या परवानगीचा नमुना आहे. तीन हजार कार्षापणांचे अक्षय दान. त्यांपैकी दोन हजार गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज उपभोगायचे. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. विद्यार्थ्यांनी फळ्यावर हिशेब करून पाहिला आहे : दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बाराही दोनशे चाळीस. एक कार्षापणाचीही तफावत नाही. दान कोणी दिले, कोणास दिले, काय करता येईल, काय करता येणार नाही, हे सांगून झाल्यावर हे सर्व निगमसभेत ऐकविले असून फलकावर नोंदविले आहे, असेही लेख सांगतो. आणि एवढ्या काटेकोर लेखातही दुसऱ्या हजाराचा विनियोग सांगणारा 'कुशण' हा एक शब्द असा आहे की ज्याचा अर्थ अभ्यासक आजही वादाचा मानतात. लिहिणाऱ्याच्या काळी तो सर्वांना कळत असणार. म्हणूनच त्याने तो उलगडला नाही.

आता प्रत्यक्ष सूचना कशी लिहावी ते सांगतो. प्रणालीच्या पेटीत परवान्याची संपूर्ण प्रत स्वतंत्र फाइल म्हणून असावी, हे खरे. पण तेवढ्याने भागत नाही. बहुतेकांची चूक येथेच होते. संकेतस्थळावर प्रणाली ठेवताना यादीतून परवाना निवडला की त्याची प्रत आपोआप पेटीत येते, आणि कर्त्याला काम झाल्यासारखे वाटते. कार्यालयाच्या भिंतीवर कायद्याचे पुस्तक टांगल्याने कोणता अर्ज मंजूर झाला हे कळत नाही, तसेच हे आहे. परवान्याची प्रत अटी सांगते. त्या अटींखाली ही फाइल मी देत आहे, हे कर्त्यानेच म्हणावे लागते. म्हणून प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर स्वामित्वहक्काचे वर्ष आणि कर्त्याचे पूर्ण नाव, परवान्याचे पूर्ण नाव, आवृत्तीचा आकडा, आणि 'फक्त हीच' की 'ही किंवा त्यानंतरची कोणतीही' हे शब्द असावेत. हमी देत नसल्याचे वाक्यही हवे, नाहीतर एखाद्या वसतिगृहाचा शिधा चुकला तर बोल कर्त्यावर येऊ शकतो. फाइली एकमेकींपासून सुटतात; एखादी उचलून कोणी दुसरीकडे नेतो. सूचना फक्त मुख्य फाइलीवर असेल तर उचललेली फाइल आमच्या तिसऱ्या फाइलीसारखी बेवारस होते.

दुसऱ्याचा मजकूर घेतला असेल तर त्याची सूचना जशीच्या तशी ठेवावी आणि आपली तिच्याखाली लिहावी. डेबियनच्या प्रत्येक पॅकेजमध्ये यासाठी 'कॉपीराइट' नावाची स्वतंत्र फाइलच असते. कोणती फाइल कोणाची व कोणत्या परवान्याखालची, हे तिच्यात नमूद करावेच लागते. परवान्याचा मजकूर स्वतः बदलू नये, स्वतःचा नवा परवाना रचण्याच्या मोहात तर पडूच नये. मराठीतून लिहावे का? समजावून सांगणारी टीप मराठीत अवश्य लिहावी. परंतु जी.पी.एल.च्या भाषांतरांना फाउंडेशन अधिकृत मानीत नाही. बंधनकारक मजकूर इंग्रजीच राहतो, आणि मराठी टिपेत तसे स्पष्ट म्हणावे. पुस्तके, चित्रे यांच्यासाठीचे क्रिएटिव्ह कॉमन्स परवाने प्रणालीला लावू नयेत, असा सल्ला ती संस्थाच देते. अक्षरांच्या टंकांसाठी ओपन फॉन्ट लायसन्स हा वेगळा परवाना आहे. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला आणि आमच्या संगणक कक्षात रोज वापरला जाणारा देवनागरी टंक त्याच परवान्याखाली आहे, आणि त्याचे नावच 'मुक्त' आहे. नोकरीत असलेल्यांनी आणखी एक पाहावे. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, कायद्याने नोकरी देणारा असतो. जे आपले नाही ते मुक्त करण्याचा अधिकारही आपल्याला नसतो.

आमच्या विद्यार्थ्याने ती प्रणाली विद्यार्थीदशेत लिहिली होती, म्हणून हक्क त्याचाच होता. तो अविवाहित होता. वारस म्हणून हक्क त्याच्या आईकडे गेला. आमचे दोन माजी विद्यार्थी आणि आम्ही तिच्या गावी गेलो. पडवीत बसून आम्ही सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "माझ्या लेकरानं दिलंच हाय की समद्यांला, गुरुजी. मंग मला कशापाई इचारता?"

या प्रश्नावर आमच्याजवळ चांगले उत्तर नव्हते. त्याने दिले होते हे खरेच होते. त्याने दिले असे कागदावर म्हणणे एवढेच राहिले होते, आणि आता ते तिच्याशिवाय कोणालाही म्हणता येत नव्हते, असे आम्ही आमच्या परीने सांगितले. तिने कागद धाकट्या भाच्याकडून दोनदा वाचून घेतला. 'दुसरी किंवा त्यानंतरची कोणतीही आवृत्ती' या शब्दांपाशी भाचा अडखळला, तेव्हा तिने त्याला थांबवून त्याचा अर्थ विचारला. पुढे कायदा सुधारला तर सुधारलेलाही चालेल, असे आम्ही सांगितले. त्यावर तिने सही केली.

'जी.पी.एल. २'चा प्रश्न असा मिटला. बेवारस तिसरी फाइल मात्र टाकून द्यावी लागली. तिच्या कर्त्याचा शोध सहा महिने घेऊनही लागला नाही. टंक बदलण्याचे ते काम दहावीच्या एका विद्यार्थिनीने, जुनी फाइल न पाहता, तीन आठवड्यांत नव्याने लिहिले. नवी प्रणाली आता अकरा वसतिगृहांत चालते. प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर २०१३ हे वर्ष आणि त्याचे नाव आहे. आईच्या इच्छेप्रमाणे नावात वडिलांच्या नावाआधी तिचेही नाव घातले आहे. नव्या फाइलीवर त्या विद्यार्थिनीचे नाव आणि २०२४ हे वर्ष आहे. ती अज्ञान असल्याने तिच्या पालकांची लेखी संमती मुख्याध्यापकांच्या कपाटात, शिध्याच्या जुन्या वह्यांशेजारी ठेवली आहे.